निरर्थकाला वेशीवर अडवणारा तत्त्वज्ञ

१६ जून १९०२ रोजी बर्ट्रांड रसेल या तीस वर्षांच्या इंग्रज गणितज्ञाने जर्मनीतील येना येथे एक पत्र धाडले. पत्र जर्मन भाषेत होते आणि फार मोठेही नव्हते. ज्यांच्या नावे ते होते, त्या प्रा. गॉटलोब फ्रेगे यांनी पन्नाशी ओलांडली होती. अंकगणित निव्वळ तर्काच्या पायावर उभे करता येते, हे दाखवण्यासाठी त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ वेचला होता आणि त्यांच्या मुख्य ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. रसेल यांनी त्यांच्या कामाची मनापासून वाखाणणी केली आणि मग केवळ एका ठिकाणी आपल्याला अडचण जाणवते, असे नम्रपणे कळवले. त्या एका अडचणीने फ्रेगे यांच्या इमारतीचा पाया खचला.

त्या अडचणीवर रसेल यांनी पुढे जो उपाय शोधला, त्याला प्रकारसिद्धांत किंवा 'टाइप थिअरी' म्हणतात. आज पुण्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत लक्षावधी आज्ञावलीकार आपला प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी जे 'स्टॅटिक टाइप चेकर' नावाचे साधन वापरतात, त्याच्या वंशावळीत हा सिद्धांत फार वरच्या जागी आहे. रसेल यांना संगणकाची कल्पना नव्हती. ते शोधत होते ती निःसंशय खात्री. ती त्यांना मिळाली नाही. मात्र त्या शोधातून निघालेला एक साधा नियम त्यांच्या पश्चात जगाच्या कामी आला.

रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समधील ट्रेलेक येथे झाला. घराणे मोठे होते. आजोबा लॉर्ड जॉन रसेल दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले होते. पण बालपण मात्र पोरके गेले. १८७४ मध्ये घटसर्पाने आई आणि बहीण गेली, १८७६ मध्ये वडील गेले आणि १८७८ मध्ये आजोबाही. लंडनजवळच्या रिचमंड पार्कमधील पेम्ब्रोक लॉज या घरात करारी, धर्मनिष्ठ आजीच्या छायेत हा मुलगा वाढला. शाळा नाही, सवंगडी नाहीत. शिकवायला घरी येणारे शिक्षक तेवढे. अकराव्या वर्षी थोरला भाऊ फ्रँक याने युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली आणि मुलाला जणू नवे जग सापडले. सिद्धता म्हणजे काय, हे कळल्याचा आनंद विलक्षण होता. परंतु आरंभीची गृहीतके सिद्ध करता येत नाहीत, ती मानूनच चालावे लागते, हे ऐकल्यावर तो हिरमुसला. पुढील तीस वर्षांच्या ध्यासाचे मूळ त्या हिरमुसण्यात आहे.

१८९० मध्ये रसेल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्तीसाठी त्यांची परीक्षा घेणारे गणितज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड हेच पुढे त्यांचे सहलेखक झाले. १८९३ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रसेल सातवे आले आणि नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले. १८९४ च्या अखेरीस घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी अ‍ॅलिस पिअरसल स्मिथ या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. १९०० च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत त्यांनी इटालियन गणितज्ञ जुझेप्पे पेआनो यांना ऐकले. चर्चेत पेआनो इतरांपेक्षा अधिक काटेकोर ठरतात आणि त्याचे कारण त्यांची चिन्हभाषा आहे, हे रसेल यांनी ओळखले. परतल्यावर त्यांनी ती भाषा आत्मसात केली आणि वर्ष संपता संपता गणिताच्या तत्त्वांवरील आपल्या ग्रंथाचा मसुदाही हातावेगळा केला. बौद्धिक आनंदाचा एवढा बहर त्यांना पुन्हा कधी लाभला नाही.

१९०१ मध्ये या बहरावर घाला पडला. संच या कल्पनेचा विचार करताना रसेल यांना एक विरोधाभास सापडला. तो समजण्यासाठी एखादे मोठे ग्रंथालय डोळ्यांसमोर आणावे. तेथे निरनिराळ्या विषयांच्या सूच्या आहेत. सूची हेही एक पुस्तकच असल्याने काही सूच्यांमध्ये त्यांचे स्वतःचे नाव नोंदलेले असते, काहींमध्ये नसते. आता ग्रंथपालाने ठरवले, की ज्या सूच्यांमध्ये स्वतःचे नाव नाही, अशा सर्व सूच्यांची एक महासूची करावी. मग या महासूचीत तिचे स्वतःचे नाव घालायचे की नाही? घातले, तर ती स्वतःचे नाव असलेली सूची ठरते, म्हणून नाव गाळले पाहिजे. गाळले, तर ती स्वतःचे नाव नसलेली सूची ठरते, म्हणून नाव घातले पाहिजे. ग्रंथपालाची महासूची तयारच होऊ शकत नाही, असे म्हणून मोकळे होता येते. पण फ्रेगे यांच्या तर्कव्यवस्थेत कोणत्याही अटीला अनुसरणाऱ्या वस्तूंचा संच असतोच, असे गृहीत धरलेले होते. तेथे ही पळवाट नव्हती. एकदा विसंगती शिरली, की त्या व्यवस्थेत वाटेल ते सिद्ध करता येते. म्हणजेच काहीही सिद्ध केल्याला किंमत उरत नाही.

फ्रेगे यांनी सहा दिवसांत उत्तर लिहिले. आपल्या अंकगणिताचा आधारच डळमळला आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले आणि १९०३ मध्ये निघालेल्या खंडाला परिशिष्ट जोडून ही गोष्ट वाचकांपुढे उघड केली. आयुष्याचे काम ढासळत असताना सत्याला दिलेला तो मान रसेल जन्मभर विसरले नाहीत.

रसेल यांचे स्वतःचे दिवसही कठीण होते. १९०२ च्या आरंभी सायकलवरून जात असताना अ‍ॅलिसवर आपले प्रेम उरलेले नाही, याची त्यांना एकाएकी जाणीव झाली. तरीही १९११ पर्यंत दोघे एकाच घरात राहिले. १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यात ते रोज सकाळी कोरा कागद पुढे घेऊन बसत आणि संध्याकाळी बहुधा तो कोराच असे. एवढ्याशा कोड्यावर उमेदीची वर्षे घालवणे पोरकट वाटे आणि ते सोडून पुढे जाणेही शक्य नसे.

उपायाचे पहिले रूप त्यांनी १९०३ च्या ग्रंथाच्या परिशिष्टात दिले आणि १९०८ मध्ये ते पूर्णत्वाला नेले. कल्पना थोडक्यात अशी : सर्व गोष्टी एकाच पातळीवरच्या नसतात. तळाच्या पायरीवर साध्या वस्तू, त्यावर वस्तूंचे संच, त्यावर संचांचे संच, अशी उतरंड असते. प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रकार. संचाचे घटक त्याच्या खालच्या पायरीवरचेच असले पाहिजेत. मग एखादा संच स्वतःचाच घटक आहे का, हा प्रश्न खरा-खोटा ठरवण्याची गरजच पडत नाही. मंगळवार आंबट आहे का, या प्रश्नाइतकाच तो निरर्थक ठरतो. व्याकरण शुद्ध असूनही वाक्याला अर्थ नसू शकतो आणि अशी वाक्ये तर्काच्या दारातच अडवली पाहिजेत, हे प्रकारसिद्धांताचे सार होय.

या पायावर व्हाइटहेड आणि रसेल यांनी 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा ग्रंथ रचला. १९०७ ते १९१० या काळात रसेल वर्षातले सुमारे आठ महिने दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास लिहीत. हस्तलिखिताची प्रत एकच. फिरायला बाहेर पडले, की मागे घराला आग लागून ते जळून जाईल, ही धास्ती सोबत असे. छपाईत सहाशे पौंडांचा तोटा येईल, असा केंब्रिजच्या मुद्रणालयाचा अंदाज होता. तीनशे मुद्रणालयाने सोसले, दोनशे रॉयल सोसायटीने दिले आणि उरलेले शंभर दोघा लेखकांनी खिशातून भरले. दहा वर्षांच्या श्रमाची दोघांची कमाई ही अशी प्रत्येकी उणे पन्नास पौंड! १९१० ते १९१३ या काळात तीन खंड निघाले. एक अधिक एक बरोबर दोन या विधानाच्या सिद्धतेपर्यंत पोहोचायला पहिल्या खंडाची साडेतीनशेहून अधिक पाने खर्ची पडली. त्या ताणातून आपली बुद्धी पुरती सावरली नाही, असे रसेल यांना पुढे वाटत राहिले.

शिवाय यशाला एक गालबोट होते. प्रकारांचे बंधन इतके कडक झाले, की नेहमीचे, निर्दोष गणितही त्यात अडकू लागले. ते सोडवण्यासाठी रसेल यांना 'लघुकरणाचे गृहीतक' म्हणून एक सवलत ठेवावी लागली. ती तर्कातून निघत नव्हती. गरजेपोटी मानलेली होती. अकराव्या वर्षी ज्या गोष्टीने मन हिरमुसले, तीच गोष्ट चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या ग्रंथात लिहावी लागली. १९२० च्या दशकात केंब्रिजच्याच फ्रँक रॅम्सी यांनी सिद्धांत सुटसुटीत करून ही सवलत अनावश्यक ठरवली. पण १९३१ मध्ये कुर्ट गडेल यांनी दाखवून दिले, की अशी कोणतीही सुसंगत व्यवस्था अंकगणितातील सगळी सत्ये सिद्ध करू शकणार नाही. संपूर्ण खात्रीचे स्वप्न तेथे संपले.

रसेल तोवर वेगळ्या रणांगणावर होते. पहिल्या महायुद्धाला केलेल्या विरोधामुळे १९१६ मध्ये त्यांना शंभर पौंड दंड झाला आणि ट्रिनिटीने त्यांना अध्यापकपदावरून दूर केले. १९१८ मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात काही महिने काढताना त्यांनी गणिती तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारे सुगम पुस्तक लिहून काढले. १९३० च्या दशकात भारताच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये झटणाऱ्या इंडिया लीगचे ते अध्यक्ष होते. १९५० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले आणि १९५५ मध्ये आइन्स्टाइन यांच्यासह त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध जाहीरनामा काढला. जगाला ठाऊक झाले ते हे रसेल. प्रकारसिद्धांत ग्रंथालयातच राहिला.

तो ग्रंथालयाबाहेर आला संगणकामुळे. १९४० मध्ये अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी प्रकारांची एक नेटकी मांडणी केली होती. दुसरीकडे संगणकाच्या भाषांमध्ये प्रकार निराळ्या, व्यावहारिक गरजेतून आले. १९५७ च्या फोरट्रॅनमध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे ठेवावे लागत, कारण यंत्र त्यांची साठवण वेगवेगळी करते. हे दोन प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले. एडिंबरा येथे रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एमएल ही भाषा घडवली. तिच्यात कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची, हे संगणक बव्हंशी स्वतःच ताडतो. प्रकारांच्या कसोटीला उतरलेल्या प्रोग्रॅममध्ये विशिष्ट जातीची चूक चालताना उद्भवू शकत नाही, हे मिल्नर यांनी १९७८ मध्ये गणिताने सिद्ध केले.

ही चूक कोणती, ते रोजच्या उदाहरणावरून कळते. ग्राहकाचे नाव ही अक्षरमाला आहे, त्याची शिल्लक हा आकडा आहे. नावातून व्याज वजा करणे म्हणजे मंगळवारची चव विचारणे होय. जावास्क्रिप्टसारखी भाषा असे प्रश्न निमूटपणे स्वीकारते. अक्षरमाला म्हणून आलेले ५ आणि आकडा असलेले ५ यांची बेरीज ती ५५ देते आणि चूक पुढे कोठे तरी, कदाचित ग्राहकाच्या देयकात, प्रकट होते. पायथॉन तक्रार करते, पण प्रोग्रॅम त्या ओळीपर्यंत पोहोचल्यावर. स्टॅटिक टाइप चेकर प्रोग्रॅम न चालवता, केवळ मजकूर वाचून ही विसंगती दाखवतो. यादीत शोधलेला ग्राहक सापडलाच नाही, तर पुढे काय, हा विसरलेला प्रश्नही तो विचारतो. कधीमधी घडणारा असा प्रसंग चाचण्यांतून निसटतो, तपासनिसाच्या नजरेतून सहसा निसटत नाही.

योगायोग असा, की पायथॉनसाठी मायपाय हा तपासनीस घडवणाऱ्या यूका लेहतोसालो यांनी त्याची सुरुवात केंब्रिज विद्यापीठातच, डॉक्टरेटचे संशोधन करताना केली. पायथॉनचे जनक गुइडो व्हान रोसम यांनी त्यात रस घेतला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये निघालेल्या पायथॉनच्या ३.५ या आवृत्तीत प्रकार नोंदवण्याची रीत अधिकृत झाली. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१९ पर्यंत आपल्या पायथॉनच्या चाळीस लाख ओळी मायपायच्या नजरेखाली आणल्या होत्या. हे एका रात्रीत घडले नाही. जुन्या प्रकल्पावर तपासनीस प्रथमच सोडला, की तक्रारींचा ढीग पडतो. म्हणून शहाणे गट आधी नवी पाने आणि जेथे एक विभाग दुसऱ्याला माहिती देतो त्या सीमा काटेकोर करतात, जुना भाग हळूहळू ओढून घेतात आणि प्रत्येक बदलाबरोबर तपासणी आपोआप होईल, अशी व्यवस्था लावतात. तपासणीला वेळ लागू लागला, की माणसे ती टाळतात, म्हणून तिच्या वेगावरही कष्ट घ्यावे लागले.

रसेल यांच्या सवलतीचा अवतारही येथे भेटतो. या साधनांत 'एनी' नावाचा एक प्रकार असतो. एखाद्या गोष्टीला तो शिक्का मारला, की ती काहीही असू शकते आणि तपासनीस तिच्याबाबत गप्प बसतो. अडलेले काम त्याने पुढे सरकते, जुना प्रकल्प त्याच्याविना हलतही नाही. परंतु असे शिक्के जितके अधिक, तितका पहारा पोकळ. गरजेपोटी मानलेले गृहीतक आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतला भेद ज्या गटाला आठवतो, त्यालाच तपासनिसाचा लाभ होतो.

शिवाय पहारा चोख असला, तरी त्याची हद्द ठरलेली असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याचा प्रोग्रॅम एडा या प्रकारांबाबत कडक असलेल्या भाषेत होता. ६४ बिटांच्या अपूर्णांकाचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करण्याची आज्ञा रीतीला धरून होती, पण प्रत्यक्ष आलेली संख्या त्या जागेत मावली नाही. निरर्थक प्रश्न अडवता येतात. अर्थपूर्ण प्रश्नाचे चुकीचे उत्तर ओळखायला चाचण्या आणि माणसाचा विवेक लागतोच. गडेल यांनी गणिताला शिकवलेला धडा सॉफ्टवेअरलाही लागू पडतो.

रसेल यांना यंत्राच्या या करामतीची चुणूक हयातीतच मिळाली. १९५६ मध्ये अ‍ॅलन न्युवेल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांच्या प्रोग्रॅमने 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. सायमन यांनी ते कळवले, तेव्हा ८४ वर्षांच्या रसेल यांना आनंद झाला. अशी सोय होणार हे आधी कळते, तर व्हाइटहेड आणि आपण हाताने लिहिण्यात दहा वर्षे घालवली नसती, असे त्यांनी मिश्किलपणे उत्तर धाडले. १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी निदर्शनांपायी ते पुन्हा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आठवडाभर राहून आले. १९६२ च्या चीन युद्धात त्यांनी नेहरू आणि चाऊ एन लाय या दोघांशी पत्रव्यवहार केला. २ फेब्रुवारी १९७० रोजी, ९७ व्या वर्षी, वेल्समधील पेन्रिनडाय्ड्राइथजवळच्या घरी त्यांचे निधन झाले. धार्मिक विधी झाले नाहीत; रक्षा वेल्सच्या डोंगरांवर विखुरली गेली.

रामानुजन यांचे पाठीराखे म्हणून भारताला परिचित असलेले गणितज्ञ जी. एच. हार्डी हे ट्रिनिटीत रसेल यांचे स्नेही होते. रसेल यांना पडलेले एक भीतिदायक स्वप्न त्यांनी नमूद करून ठेवले आहे. साल सुमारे २१००. केंब्रिजच्या ग्रंथालयातील एक सेवक बादली घेऊन फडताळांमधून हिंडतो आहे. पुस्तके काढतो, चाळतो, काही परत ठेवतो, काही बादलीत टाकतो. तो तीन जाड खंडांपाशी येतो. 'प्रिन्सिपिया'ची ती जगातील शेवटची प्रत आहे. एक खंड काढून तो विचित्र चिन्हांकडे क्षणभर गोंधळून पाहतो, मिटतो, हातावर तोलतो आणि घुटमळतो. स्वप्न तेथेच तुटते. त्या सेवकाने पुढे काय केले असते, कोणास ठाऊक. तीन खंड आज क्वचितच कोणी वाचत असेल. पण प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी ओळखावा आणि निरर्थक प्रश्न वेशीवरच अडवावा, हा त्यांतला नियम आता कोणत्याही एका फडताळावर अवलंबून राहिलेला नाही.